हिमयुग गोळ्यांच्या डबीत

टेक्सासच्या शुगर लँडमधल्या कुठल्याही मराठी घरी पार्टीला गेलं की जेवणाआधी एक हजेरी होते. कोण काय करतं याची. एक जण तेलाच्या कंपनीत, दुसरा तेलाच्या कंपनीत, तिसरी हृदयाची डॉक्टर, चौथा तेलाच्या कंपनीतून नुकताच काढलेला. माझी पाळी आली की मी सांगायची, "मी चिखल धुते." मग थोडी शांतता पसरायची आणि कुणीतरी सांत्वन केल्यासारखं "नाइस, नाइस" म्हणायचं. परतताना गाडीत नवरा चिडायचा, "सरळ सायंटिस्ट सांगायला काय होतं तुला?" पण मला ती शांतता फार आवडायची. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत मी चिखलच धुतला.

आता मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने फोन करून सांगितलंय की तुमच्या कामाबद्दल लिहा, पण ग्राफ नकोत. तर ग्राफ न काढता सांगते.

समुद्राच्या पाण्यात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगत असतात. आम्ही लाडाने फोरॅम म्हणतो. वाळूच्या कणाएवढा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, एकेक खोली वाढवत. मेला की घर तळाशी जाऊन बसतं. त्यावर चिखल, त्यावर पुढच्यांची घरं, असं हजारो वर्षं चालतं. त्या तळात लांबलचक नळी खुपसून चिखलाचा दांडा बाहेर काढायचा. वरचा चिखल ताजा, खालचा जुना. फोरॅमच्या काही प्रकारांना ऊब लागते, काहींना थंडी सोसते. (शास्त्रात यांना जाती म्हणतात. मी प्रकार म्हणते; त्या दुसऱ्या शब्दाचा माझा अनुभव बरा नाही.) एखाद्या थरात कुठला प्रकार किती, हे मोजलं की त्या काळी पाणी किती गार होतं ते कळतं. त्या वेळी थर्मामीटर घेऊन कुणी उभं नव्हतं, म्हणून आम्ही भाडेकरूंवरून घराची हवा ओळखतो.

मोजण्याआधी चिखल बारीक चाळणीवर पाण्याने धुवायचा. माती वाहून जाते, घरं राहतात. मग चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे जाळीत आधीच्या नमुन्याचं कुणी चिकटून राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात आलं की लगेच पकडलं जातं. त्या निळ्याने माझी बोटं वर्षानुवर्षं निळी असायची. आम्ही नागपूरचे बौद्ध. माझ्या आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. "बाप्पा, तिकडे जाऊनही हात निळेच ठेवलेस," असं ती मोठ्या समाधानाने म्हणायची.

यानंतर उरलेलं ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने एकेक घर उचलून पट्टीवर मांडायचं. ब्रशचं टोक ओलं लागतं, आणि ते ओठांनी ओलं करायचं. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण सगळे करतात. मी आयुष्यात किती समुद्रतळ गिळला असेल कोण जाणे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांना मुतखडा झाला. तो पडला, तर हे गृहस्थ तो डबीत घालून माझ्याकडे. "सुनंदाताई, जरा तुमच्या मायक्रोस्कोपखाली बघा ना, फॉसिलसारखा दिसतो." मी बराच वेळ गंभीरपणे बघितलं आणि सांगितलं की हिमयुगातला वाटतो, जपून ठेवा. त्यांनी खरंच जपून ठेवला होता. बायकोने पुढे घर आवरताना फेकला, म्हणून तिच्यावर चिडलेही होते.

सुरुवातीची वर्षं मी तेलाच्या एका कंपनीतच होते. खडकात कुठले फोरॅम सापडतात त्यावरून किती खोल गेलो, तेल कुठे असेल, याचा अंदाज बांधता येतो. पुढे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले आणि त्याच फोरॅमना विचारू लागले की पृथ्वीचा ताप पूर्वी कसा चढला-उतरला. म्हणजे आधी तेल शोधून दिलं आणि नंतर ते जाळल्याने काय होतं ते शोधलं. पगार दोन्हीकडून घेतला. बिचाऱ्या फोरॅमना कुणी काही विचारलं नाही, याचं कधीकधी वाईट वाटतं.

पण सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. ती आहे मंगलताईंची.

आमच्या प्रयोगशाळेत केतकी नावाची पुण्याची मुलगी पीएच.डी. करत होती. हुशार, भरभर बोलणारी, मला मावशी म्हणणारी. तिचा विषय होता मेक्सिकोचं आखात हिमयुगात किती गार झालं. तिचं म्हणणं, चांगलंच गार झालं. प्रयोगशाळेचा प्रमुख हॅरल्ड, उंच टेक्सन माणूस, सत्तरी ओलांडलेला, पायात कायम काउबॉय बूट. त्याचं आयुष्यभराचं म्हणणं, आखात कोमटच राहिलं. माणूस प्रामाणिक, पण हट्टी. तो केतकीच्या परीक्षक समितीत होता. त्या सेमिस्टरमध्ये डिग्री मिळाली नसती तर केतकीची ठरलेली नोकरी जाणार होती आणि पाठोपाठ व्हिसाही. म्हणजे सामान बांधून पुणे.

अशा वेळी ही मुलगी पिकलबॉल खेळायला गेली आणि उजवं मनगट मोडून आली. दांड्याचे वरचे, ताजे थर तिने मोजून संपवले होते. खालचे, नेमके हिमयुगाचे, राहिले होते. प्लास्टरमधल्या हाताने ब्रश काय धरणार?

तिची आई, मंगलताई, तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या. इथे येणाऱ्या सगळ्या आई-वडिलांसारख्या दुपारी खिडकीशी बसून गाड्या मोजायच्या. केतकी म्हणाली, "मावशी, आई फार बारकाईने काम करते. व्हॉलंटिअर म्हणून घेऊ या का? पिकिंग तिने करायचं, आयडेंटिफाय मी करीन. डावा हात आहे ना." हॅरल्डने होकार दिला, गळ्यात अडकवायला बिल्ला दिला, आणि मंगलताई काठाची साडी नेसून हजर झाल्या.

माझी ओळख करून दिली. त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.

"मूळ गाव?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"असं का, छान," त्या म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. ज्यांना कळतं त्यांना एवढ्यात सगळं कळतं. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमची वस्ती ती, आणि माझ्या जातीची चौकशी पूर्ण झाली होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा पुढे केला. "माझा उपास आहे आज," मंगलताई म्हणाल्या. सोमवार होता, मला पटलं. मंगळवारी गणपतीचा. बुधवारी पोट जरा जड होतं. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. पुढच्या आठवड्यांत एकादशी आणि चतुर्थीही सामील झाल्या. इतकी कडक बाई मी पाहिली नव्हती. मात्र एका मंगळवारी हॅरल्डने बायकोने केलेला पिकन पाय, म्हणजे सुक्या मेव्याची भाजलेली मिठाई, आणला, तेव्हा मंगलताईंनी चांगला मोठा तुकडा घेतला. "हे अक्रोडासारखंच असतं ना, उपासाला चालतं," असं म्हणाल्या. त्यात अंडं असतं हे मी त्यांना सांगितलं नाही. एरवी मी फार बोलकी बाई आहे.

वाईट वाटलं का? वाटलं. चाळीसएक वर्षं परदेशात काढल्यावर हे बाजूला पडलं असेल अशी माझी समजूत होती, आणि ते विमानात बसून, व्हिसा घेऊन, सहा महिन्यांसाठी माझ्या टेबलाशी आलं होतं. पण डबा मी रोज पुढे करत राहिले. आज कोणता देव येतो ते बघण्याची मला गोडी लागली होती.

कामाला मात्र बाई वाघीण. आमच्या विद्यार्थ्यांना एका ताटलीला जितका वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात यांची ताटली तयार. काठाला कचऱ्याचा कण नाही. हॅरल्ड येऊन बघायचा आणि टोपी काढायचा. केतकी खूश. डाव्या हाताने ती एकेक पट्टी बघून आकडे भरत गेली.

आणि मग एका सकाळी तिचा चेहरा पांढराफटक. "मावशी, काहीतरी गडबड आहे. हिमयुग नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे गेलं. जिथे पाणी गार व्हायला पाहिजे तिथे गरम होतंय. सगळे गुलाबी आहेत, यार. थंडीतले जवळजवळ नाहीतच."

गुलाबी म्हणजे एक खास फोरॅम. त्याचं घर खरोखरच फिकट गुलाबी असतं, आणि त्याला कोमट पाणी आवडतं. दिसायला इतका सुरेख की लग्नात नथीत बसवावा. हिमयुगाच्या थरात त्याने गर्दी केली होती. हॅरल्डला कळलं. तो केतकीच्या खांद्यावर हात ठेवून हळहळला, खरंच हळहळला, पण बुटांचा आवाज दिवसभर नाचल्यासारखा येत होता. समितीपुढे उभं राहायला तीन आठवडे उरले होते, आणि केतकीचा प्रबंध ज्या एका वाक्यावर उभा होता तेच वाक्य खोटं ठरत होतं.

मंगलताईंना एवढंच समजलं की मुलीचं काहीतरी बिनसलंय. "माझं काही चुकलं का हो?" त्यांनी मला विचारलं. केतकीच म्हणाली, "नाही गं आई, तू परफेक्ट केलंयस. समुद्रच असा आहे." आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

मी आधी चाळणीवर संशय घेतला. वरच्या थरातले गुलाबी खालच्या नमुन्यात मिसळले असतील. पण मग ते निळे दिसायला हवेत, आणि एकही निळा नव्हता. चिखलाचे दांडे उलटेसुलटे लागलेत का ते पाहिलं, तेही नीट. मग मी केतकीच्या आकड्यांसमोर नुसती बसून राहिले. पाणी वरपासून हळूहळू गार होत गेलेलं, आणि एका थरापासून एकदम कोमट. तो थर कोणता? केतकीचं मनगट मोडलं तिथला. आखाताचं हवामान पिकलबॉलमुळे बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची मंगलताईंच्या शेजारी ओढली. "करा तुम्ही, मी बसते जरा."

त्यांनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, ब्रश ओठाला लावला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या फोरॅम उचलतच नाहीयेत. ज्यांना पट्टीवर मांडायचं त्यांना त्या हात लावत नव्हत्या. त्या बाकीचे काढत होत्या. एक मोडका तुकडा काढला. मग एक जाड सालीचा, खडबडीत, अगदी धडधाकट फोरॅम काढला. मग आणखी एक. ताटली गोरी, गुलाबी, गुळगुळीत झाली, तेव्हा त्यांनी उरलेलं सगळं हलकेच पट्टीवर ओतलं आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. तांदूळ निवडताना आपण तांदूळ उचलत नाही, खडे उचलतो. मंगलताईंनी समुद्रतळ निवडला होता.

आणि थंड पाण्यातले फोरॅम असेच असतात: जाड सालीचे, मळकट, ओबडधोबड. थंडीत कुणाचं रूप खुलतं?

"अवो मंगलताई," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडून थेट नागपूर बाहेर पडलं, "हे जे काढलं ते कुठं टाकता तुम्ही?"

"टाकते?" त्या दुखावल्याच. "मी काही टाकत नाही हो. कणी कुणी टाकतं का?"

त्यांनी पर्स उघडली. आठवड्याच्या गोळ्या ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या असतात ना, सात वारांच्या सात खणांच्या, तशा डब्यांची चळत निघाली. एका खणात एका नमुन्याचं काढलेलं, वर चिकटपट्टीवर नंबर. "म्हटलं, उगाच कुणाला तरी लागलं तर." एकेक खण भिंगाखाली धरला तर तिथे हिमयुग खच्चून भरलेलं होतं. रविवारपासून शनिवारपर्यंत.

मी केतकीला हाक मारली. तिने भिंगातून पाहिलं, आईकडे पाहिलं. हसावं की ओरडावं हे ठरवेपर्यंत तिने खुर्चीतच आईला मिठी मारली, प्लास्टर मध्ये आलं.

"म्हणजे मी बिघडवलं," मंगलताई म्हणाल्या. "आता पुन्हा मीच करणार. सांगा कसं करायचं."

मग मी सांगितलं. काढलेलं परत मिसळायचं, हलवायचं, ताटलीत पसरायचं. ताटलीवर चौकटी आखलेल्या असतात. पहिल्या चौकटीपासून सुरू करायचं आणि अख्खं घर समोर आलं की उचलायचं. "खडबडीत असो, मळकट असो, वाकडं असो. आपल्याला आवडलं का, हा प्रश्नच नाही. आपल्याला न आवडणारे कडेला काढून ठेवले तर समुद्र सुंदर दिसतो, मंगलताई, पण तो खोटा असतो. जे ताटलीत येईल ते घ्यायचं."

बोलता बोलता माझा आवाज चढला असावा. केतकी चमकून बघायला लागली. मी फोरॅमबद्दलच बोलत होते, असं मी कुठेही शपथेवर सांगेन. मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं, ब्रश ओला केला. मग "बरं" म्हणाल्या आणि पहिल्या चौकटीवर वाकल्या.

यावेळी कामाला वेळ लागला. मध्येच त्या स्वतःशी पुटपुटायच्या, "हा तर अगदीच काळा आहे, घेते बाई त्यालाही." आकड्यांत हिमयुग परत आलं. हॅरल्डला मी सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि हे त्याच्या बाजूने बोलायला हवं. त्याने स्वतः काही ताटल्या उचलल्या, नंबर झाकून. त्याचेही आकडे तेच आले. तो खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "सुनंदा, म्हणजे इतकी वर्षं मी चुकत होतो तर." मी म्हणाले, "हॅरल्ड, निदान तुझा पिकन पाय तरी उपासाला चालतो." समितीपुढे त्यानेच सगळ्यांत अवघड प्रश्न विचारला: तुझे नमुने निवडताना पक्षपात झाला नाही हे कशावरून? केतकीने आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिने सगळा प्रकार, गोळ्यांच्या डब्यांसकट, सांगून टाकला. एक परीक्षक तर हसता हसता टेबलावर पडला. केतकी डॉक्टर झाली. नोकरी राहिली, व्हिसा राहिला.

मंगलताई पुण्याला परतायच्या आधी शेवटचं म्हणून प्रयोगशाळेत आल्या, बिल्ला परत द्यायला. जेवायची वेळ होती. मी सवयीने डबा उघडला. त्या दिवशी पातोडीचा रस्सा होता, अस्सल नागपुरी; बेसनाच्या वड्या, वर तर्री, आणि लसूण हात राखून घातलेला नाही.

"घ्या मंगलताई," मी म्हणाले, "पण आज सोमवार. तुमचा उपास असेल."

त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने पुढे घेतलं आणि त्यात रस्सा वाढून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. "जे ताटलीत येईल ते घ्यायचं, असं तुम्हीच म्हणालात ना."

मी पोळी पुढे केली. डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीने, असं मी केतकीला नंतर सांगितलं.

मंगलताईंनी पोळीचा तुकडा रस्स्यात बुडवला. मग तोंडात घालण्याआधी थांबल्या, दोन बोटांनी कढीपत्त्याचं पान अलगद उचललं आणि झाकणाच्या कडेला नीट काढून ठेवलं.